दूरसंचारातील वेगाची एकके आणि त्यांचे रूपांतर : ब्रिटनमधील वाटचालीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

दूरसंचाराच्या एखाद्या मार्गावरून ठरावीक काळात किती माहिती जाते, हे सांगणाऱ्या राशीला माहितीवहनाचा वेग म्हणतात आणि आज तो बहुतेक ठिकाणी बिट प्रति सेकंद या एककात मांडला जातो. परंतु संगणकावर फाइल उतरत असताना पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा बाइट प्रति सेकंदात असतो, जुन्या मोडेमच्या माहितीपत्रकात बॉड हे एकक आढळते, मोबाइलची योजना महिन्याला इतके गिगाबाइट अशा भाषेत विकली जाते, आणि तारायंत्राच्या काळातील नोंदींमध्ये वेग मिनिटाला किती शब्द यावरून मोजलेला असतो. यांपैकी एका एककातून दुसऱ्यात जाण्याचे गणित गुणाकार-भागाकारापुरतेच असले, तरी त्याविषयीची चर्चा दीर्घकाळ चालू आहे; कारण रूपांतर करताना दोन्ही बाजूंना एकच गोष्ट मोजली जात आहे असे गृहीत धरावे लागते आणि हे गृहीतक प्रत्यक्षात अनेकदा टिकत नाही.

या आढाव्यासाठी ब्रिटनचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. विजेवर चालणाऱ्या तारायंत्राचा व्यापारी वापर तेथे लवकर सुरू झाला, माहितीचे तुकडे करून ते पाठवण्याची पॅकेटची कल्पना ज्या थोड्या ठिकाणी आकाराला आली त्यांत लंडनजवळील टेडिंग्टनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा होती, आणि ग्राहकाला वेग कसा सांगावा यावर तेथील नियामक संस्थांनी २००८ पासून सातत्याने नियम केले. त्यामुळे एककांच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक टप्पा या एका देशात पाहायला मिळतो.

शब्द, अक्षर आणि बॉड

विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३७ मध्ये लंडनमधील युस्टन ते कॅमडेन टाऊन या रेल्वेमार्गावर तारायंत्राचा प्रयोग केला, तेव्हापासून पुढे अनेक दशके वेग मोजण्याचे व्यवहारातील माप शब्द हेच होते, कारण तारेचे पैसेही शब्दांवरच आकारले जात. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या पहिल्या तारेवरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. म्हणजे वेग मिनिटाला एका शब्दाच्या दशांशाएवढा होता. एक शब्द म्हणजे पाच अक्षरे व एक मोकळी जागा आणि प्रत्येक चिन्हाला पाच बिट असे आजच्या हिशेबाने धरले, तर हा वेग सेकंदाला सुमारे ०.०५ बिट एवढा भरतो. १८७० मध्ये कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो येथून निघालेल्या समुद्री तारांच्या साखळीने लंडन आणि मुंबई जोडली गेली, आणि १९२७ मध्ये इंग्लंड व भारत यांच्यात बिनतारी 'बीम' सेवा सुरू झाली तेव्हा तिची भारतातील केंद्रे पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे होती. या सेवांचा वेगही मिनिटाला किती शब्द याच भाषेत सांगितला जाई.

शब्द हे माप मात्र लवचीक होते. मोर्सच्या लिपीत वेगवेगळ्या अक्षरांना वेगवेगळा वेळ लागत असल्याने, 'पॅरिस' या शब्दाच्या रोमन अक्षरांना त्यानंतरच्या मोकळ्या जागेसह लागणारी ५० कालघटकांची लांबी प्रमाण मानण्याची प्रथा पडली. त्यानुसार मिनिटाला २० शब्द म्हणजे मिनिटाला १००० घटक, अर्थात सेकंदाला सुमारे १६.७ घटक. शब्दाऐवजी हा घटकच मोजावा, या विचारातून फ्रेंच अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून बॉड हे एकक पुढे आले आणि १९२६ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय तार परिषदेत ते मांडले गेले. एका सेकंदात तारेवरील संकेताची स्थिती जास्तीत जास्त किती वेळा बदलू शकते, ती संख्या म्हणजे बॉड.

ब्रिटिश टपाल खात्याच्या टेलेक्स सेवेवरून या दोन मापांमधील नाते स्पष्ट होते. टेलेक्सचा वेग ५० बॉड होता, म्हणजे प्रत्येक घटक २० मिलिसेकंद टिके. एका अक्षरासाठी आरंभाचा एक घटक, अक्षराचे पाच घटक आणि शेवटचा दीड घटक असे एकूण साडेसात घटक लागत, म्हणून सेकंदाला ६.६७ किंवा मिनिटाला ४०० अक्षरे जात आणि सहा चिन्हांचा एक शब्द धरल्यास मिनिटाला सुमारे ६६ शब्द होत. तथापि, या साडेसात घटकांपैकी पाचच घटक अक्षराची माहिती वाहत असल्याने तारेवरचा वेग सेकंदाला ५० बिट असला, तरी उपयुक्त माहितीचा वेग ३३.३ बिट एवढाच राही. एकूण वेग आणि निव्वळ वेग यांतील जो फरक आजच्या ब्रॉडबँडच्या चर्चेत केंद्रस्थानी आहे, तो टेलेक्सच्या काळातच अस्तित्वात होता.

बिट, बाइट आणि ऑक्टेट

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मधील आपल्या निबंधात माहितीच्या मोजमापासाठी बिट ही संज्ञा वापरली आणि तिचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. होय की नाही, शून्य की एक, अशा दोन समान शक्यतांमधील निवड म्हणजे एक बिट. बाइट ही संज्ञा १९५६ मध्ये आयबीएम कंपनीतील वेर्नर बुखहोल्त्स यांनी घडवली. पण बाइटमध्ये आठच बिट असतील असे तेव्हा ठरलेले नव्हते. ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या आयसीटी १९०० या संगणकमालेत २४ बिटांचा एक शब्द आणि त्यात सहा-सहा बिटांची चार चिन्हे अशी रचना होती. या अनिश्चिततेमुळेच दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी आठ बिटांच्या गटासाठी ऑक्टेट हा निःसंदिग्ध शब्द पसंत केला. आज बाइट आणि ऑक्टेट व्यवहारात समानार्थी झाले असून बिटांना आठने भागले की बाइट मिळतात, याविषयी वाद उरलेला नाही.

तरीही आठऐवजी दहाने भागण्याची सवय अभियंत्यांमध्ये टिकून आहे आणि तिला आधार आहे. टपाल खात्याने १९७९ मध्ये सुरू केलेल्या प्रेस्टेल या सेवेत दूरध्वनीच्या तारेवरून घरच्या दूरचित्रवाणी संचावर मजकूर येई. त्याचा ग्राहकाकडे येणारा वेग सेकंदाला १२०० बिट आणि ग्राहकाकडून जाणारा वेग ७५ बिट होता. प्रत्येक चिन्हाला आरंभाचा व शेवटचा घटक धरून दहा बिट लागत असल्यामुळे सेकंदाला १२० चिन्हे येत आणि ४० स्तंभ व २४ ओळींचे पूर्ण भरलेले पान उमटण्यास आठ सेकंद लागत. येथे आठने भागून काढलेले उत्तर चुकीचे ठरले असते.

बॉड आणि बिट प्रति सेकंद यांची सांगड मोडेमच्या पुढच्या पिढ्यांमध्ये सुटली. व्ही.२२ या मानकानुसार संकेत सेकंदाला ६०० वेळा बदलत असे, पण प्रत्येक बदल चार संभाव्य स्थितींपैकी एक असल्याने दोन बिट वाहत असे आणि वेग १२०० बिट होत असे; व्ही.३२ मध्ये २४०० बॉडवर प्रत्येकी चार बिट याप्रमाणे वेग ९६०० बिट झाला. बाजारात मात्र अशा यंत्राला '९६०० बॉडचा मोडेम' म्हणण्याची प्रथा राहिली. म्हणून बॉडचे बिटांत रूपांतर करण्यासाठी एकच ठरावीक गुणक नसतो. प्रत्येक संकेतबदल किती बिट वाहतो हे माहीत असल्याशिवाय ते करता येत नाही.

अक्षरांवरून बिट काढतानाही अशीच काळजी घ्यावी लागते आणि मराठी मजकुराच्या बाबतीत ती अधिक महत्त्वाची ठरते. मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावर पाठवला गेला. या संदेशाची क्षमता १४० ऑक्टेट, म्हणजे ११२० बिट असते. सात बिटांची रोमन चिन्हे वापरली तर त्यात १६० चिन्हे बसतात, पण देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागत असल्याने ७०च बसतात. संकेतस्थळांवर प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. बिटांचा वेग तोच असताना अक्षरांचा वेग लिपीनुसार बदलतो, हे यावरून ध्यानात येते.

चौसष्ट किलोबिटांचा पाया

अ‍ॅलेक रीव्हज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिस येथे काम करीत असताना आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठवण्याची पद्धत शोधली. पुढे दूरध्वनीच्या जाळ्यांनी ही पद्धत स्वीकारली तेव्हा आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यावेत आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत मांडावा असे ठरले. म्हणून एका संभाषणाचा वेग सेकंदाला ६४,००० बिट झाला. युरोपात ३२ वाहिन्या एकत्र करून २.०४८ मेगाबिटांची जोडणी तयार झाली, तर अमेरिकेत २४ वाहिन्या आणि चौकटीच्या व्यवस्थेसाठी आणखी ८ किलोबिट मिळून १.५४४ मेगाबिटांची जोडणी प्रचलित झाली. ब्रिटिश टेलिकॉमने याच मापांवर किलोस्ट्रीम आणि मेगास्ट्रीम या नावांनी भाड्याच्या वाहिन्या विकल्या.

या आकड्यांचा प्रभाव पुढील तंत्रज्ञानावरही राहिला. प्रकाशतंतूंच्या जाळ्यांतील १५५.५२ मेगाबिट हा मूलभूत वेग म्हणजे २४३० ऑक्टेटांची चौकट सेकंदाला ८००० वेळा, आणि आज घरांपर्यंत प्रकाशतंतू नेणाऱ्या एका प्रचलित पद्धतीचा २.४८८ गिगाबिट हा वेग त्याच्या सोळापट आहे. ६४ आणि २०४८ या संख्या दोनाच्या घातांसारख्या दिसत असल्याने त्या संगणकाच्या स्मृतीप्रमाणे १०२४च्या पटीत मोजलेल्या असाव्यात असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात ६४ किलोबिट म्हणजे नेमके ६४,००० बिट, ६५,५३६ नव्हेत. दूरसंचारात किलो म्हणजे हजार हा अर्थ सुरुवातीपासून स्थिर आहे.

टेडिंग्टन येथे डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ पासून माहितीचे लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठवण्याची कल्पना विकसित केली व त्या तुकड्याला पॅकेट हे नाव दिले. अमेरिकेत पॉल बॅरन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाकडे आले होते. पॅकेटच्या आगमनाने एककांच्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. प्रत्येक पॅकेटवर पत्ता व नियंत्रणाची माहिती असल्याने तारेवरील बिट आणि वापरणाऱ्याच्या हाती पडणारे बिट यांतील अंतर पॅकेटच्या आकारावर अवलंबून राहू लागले.

दशमान की द्विमान

संगणकाची स्मृती दोनाच्या घातांत बांधली जात असल्यामुळे १०२४ बाइटांना किलोबाइट म्हणण्याची सोय प्रचलित झाली आणि तीच पुढे मेगाबाइट व गिगाबाइटपर्यंत गेली. हजार आणि १०२४ यांतील फरक पहिल्या पायरीवर २.४ टक्के असतो, पण मेगावर तो सुमारे ४.९, गिगावर ७.४ आणि टेरावर जवळजवळ १० टक्के होतो. म्हणजे यंत्रे जितकी मोठी होत गेली तितकी ही सोय अडचणीची ठरली.

यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान उपसर्गांची वेगळी मालिका मंजूर केली. तिच्यात १०२४ बाइटांना किबिबाइट, त्यांच्या १०२४ पटीला मेबिबाइट आणि त्यापुढे गिबिबाइट अशी नावे आहेत. ब्रिटिश मानकसंस्थेनेही ही मानके स्वीकारली. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची अधिकृत पुस्तिकाही किलो, मेगा, गिगा हे उपसर्ग केवळ दहाच्या घातांसाठीच वापरावेत असे सांगते. माहितीच्या वाढत्या साठ्यांमुळे अनधिकृत उपसर्ग रूढ होऊ लागले असताना, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील रिचर्ड ब्राउन यांनी मांडलेल्या प्रस्तावावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने रोना आणि क्वेटा हे नवे दशमान उपसर्ग मंजूर केले. या विषयातील ब्रिटनचा सहभाग केवळ ऐतिहासिक नाही, हे यावरून दिसते.

व्यवहारात मात्र दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालतात. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रणाली फाइलचा आकार १०२४च्या पटीत मोजून त्याला मेगाबाइट किंवा गिगाबाइट म्हणते, तर अ‍ॅपलने २००९ पासून आपल्या संगणकांवर दशमान मोजणी स्वीकारली. परिणामी ८० मेगाबिटांच्या जोडणीचे उत्तर एका यंत्रावर १० मेगाबाइट प्रति सेकंद आणि दुसऱ्यावर ९.५४ असे दिसू शकते, जरी दोन्ही ठिकाणी तेवढेच बिट येत असले तरी. दशमान एक गिगाबाइटची फाइल या वेगाने १०० सेकंदांत उतरते, द्विमान गिगाबाइटची फाइल उतरण्यास सुमारे १०७ सेकंद लागतात.

कोठे मोजायचे

एकक आणि उपसर्ग ठरल्यानंतरही तिसरा प्रश्न उरतो. घाऊक बाजारात पोत्यासकट वजन आणि निव्वळ वजन वेगळे धरले जाते, त्याप्रमाणे दूरसंचारातही तारेवरचा वेग, पॅकेटचा वेग आणि वापरणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या माहितीचा वेग हे तीन वेगळे आकडे आहेत.

ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडमध्ये माहिती ५३ ऑक्टेटांच्या कप्प्यांतून जाई आणि त्यांतील ४८ ऑक्टेटच माहितीचे असत. म्हणजे जवळजवळ साडेनऊ टक्के क्षमता कप्प्यांच्या शीर्षकांवर खर्च होई. मोडेम आणि एक्स्चेंज यांच्यातील जोडणी ८१२८ किलोबिटांवर जुळली असली, तरी ब्रिटिश टेलिकॉमच्या घाऊक जाळ्यात त्या ग्राहकासाठी पॅकेटच्या वेगाची मर्यादा ७१५० किलोबिट ठेवली जाई, म्हणजे सुमारे ८८ टक्के. मोडेमच्या पडद्यावरचा पहिला आकडा खरा होता आणि दुसराही खरा होता; दोन्ही आकडे किलोबिटांतच असल्याने त्यांच्यातील फरक एककाच्या रूपांतराने भरून काढता येण्यासारखा नव्हता.

आजच्या गिगाबिट जोडणीबाबतही हेच आहे. इथरनेट या प्रचलित पद्धतीत १५०० ऑक्टेटांच्या पॅकेटमागे तारेवर १५३८ ऑक्टेटांची जागा लागते आणि त्या १५०० मधील ४० ऑक्टेट सर्वसाधारणपणे पत्ता व नियंत्रण यांच्या शीर्षकांना जातात. म्हणून सेकंदाला १००० मेगाबिटांच्या मार्गावरून फाइलचे जास्तीत जास्त सुमारे ९४९ मेगाबिट जातात. ते सुमारे ११८.७ मेगाबाइट किंवा ११३.२ मेबिबाइट होतात. आठने सरळ भागून येणारा १२५ हा आकडा प्रत्यक्षात कधीच दिसत नाही.

नियामकांची भूमिका

ब्रिटनमध्ये दूरसंचाराचे नियमन करणारी ऑफकॉम ही संस्था आपल्या अहवालांत मेगाबिट प्रति सेकंद हे एकक सातत्याने वापरते. तिने २००८ मध्ये ब्रॉडबँडच्या वेगाविषयी कंपन्यांसाठी स्वेच्छेची आचारसंहिता आणली आणि १ मार्च २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित संहितेत, जोडणी घेतानाच ग्राहकाला किमान हमीचा वेग सांगावा आणि तो मिळत नसल्यास तीस दिवसांत दोष दूर करावा, अन्यथा ग्राहकाला दंडाशिवाय करार सोडता यावा, अशी तरतूद केली.

जाहिरातींचा प्रश्न जाहिरात मानक प्राधिकरण आणि त्याच्या संहिता समितीकडे येतो. २०१२ पासून '... पर्यंत' असा वेग जाहीर करायचा असल्यास तो किमान दहा टक्के ग्राहकांना मिळत असला पाहिजे असा निकष होता. प्राधिकरणाने करून घेतलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून, वेगाविषयीची ग्राहकांची समज एकंदरीत कमी असून रोजच्या कामांसाठी आपल्याला किती वेग लागतो हेही अनेकांना माहीत नाही, असे दिसून आले. त्यानंतर २३ मे २०१८ पासून, रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच जाहीर करावा असा नियम झाला. एकक तेच राहिले, पण त्यामागची संख्याशास्त्रीय व्याख्या बदलल्यामुळे पूर्वीच्या आणि नंतरच्या जाहिरातींतील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

सार्वत्रिक सेवेच्या तरतुदीनुसार २० मार्च २०२० पासून ब्रिटनमधील प्रत्येक पात्र घराला किमान १० मेगाबिट उतरता व १ मेगाबिट चढता वेग मागण्याचा अधिकार मिळाला. याच तरतुदीत महिन्याला किमान १०० गिगाबाइट वापराची मुभा असली पाहिजे असेही म्हटले आहे, त्यामुळे वेग आणि परिमाण एकाच ठिकाणी भेटतात. सतत १० मेगाबिटांच्या वेगाने तासाला साडेचार गिगाबाइट उतरतात, म्हणून १०० गिगाबाइट सुमारे २२ तासांत संपतील. उलट हेच परिमाण तीस दिवसांवर समान पसरले, तर सरासरी वेग केवळ ०.३१ मेगाबिट येतो. महिन्याच्या परिमाणावरून वेग काढता येतो तो सरासरीच, आणि जाळ्याची क्षमता मात्र गर्दीच्या वेळेवर ठरते. लंडनहून पुण्यातील नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणाऱ्या कुटुंबाला तर उतरत्या वेगापेक्षा चढता वेग आणि संकेत पोहोचण्यास लागणारा विलंब हे अधिक निर्णायक ठरतात.

प्रमुख मते

या विषयावर चार प्रकारची मते आढळतात. पहिले मत मापनशास्त्रज्ञांचे आणि मानकसंस्थांचे आहे. त्यानुसार वेग केवळ बिट प्रति सेकंदात आणि दशमान उपसर्गांसह सांगावा, साठा द्विमानात मोजायचाच असेल तर त्यासाठी किबि, मेबि हे वेगळे उपसर्ग वापरावेत, आणि एका चिन्हाला एकच अर्थ असावा. या मताचे बळ त्याच्या तार्किक शुद्धतेत आहे.

दुसरे मत संगणकक्षेत्रातील परंपरेचे आहे. स्मृतीचे पत्ते द्विमानातच असल्याने १०२४ची मोजणी तेथे स्वाभाविक आहे, संदर्भावरून अर्थ कळतो, आणि नवे उपसर्ग उच्चाराला अनोळखी असल्यामुळे रुजले नाहीत, असे या मताचे प्रतिपादन आहे. मानके जाहीर होऊन पाव शतक उलटले तरी किबिबाइट सर्वसामान्य वापरात आलेले नाही, ही वस्तुस्थिती त्याला बळ देते.

तिसरे मत ग्राहकहिताच्या बाजूने मांडले जाते. ग्राहक फाइल आणि चित्रपट बाइटमध्ये पाहतो, तेव्हा वेगही मेगाबाइटमध्ये सांगावा, किंवा त्याहून पुढे जाऊन, या जोडणीवर ठरावीक आकाराचा चित्रपट किती मिनिटांत उतरेल असे कामाच्या भाषेत सांगावे, असा त्याचा आग्रह असतो. यावर आक्षेप असा की बाइटमध्ये सांगितल्याने शीर्षकांवरील खर्चाचा आणि दशमान-द्विमानाचा प्रश्न सुटत नाही, तर तो अधिक झाकला जातो.

चौथे मत जाळ्यांच्या अभियंत्यांचे आहे. त्यांच्या दृष्टीने एकक हा दुय्यम प्रश्न असून वेग कोणत्या स्तरावर, कोणत्या दोन बिंदूंमध्ये आणि कोणत्या वेळी मोजला हे सांगणे प्रथम आवश्यक आहे. हे मत तांत्रिकदृष्ट्या परिपूर्ण असले, तरी इतक्या अटी जाहिरातीच्या एका ओळीत बसवणे कठीण असते, ही त्याची मर्यादा आहे.

अनिर्णित मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा कायद्याचा आहे. ब्रिटनच्या १९८५ च्या वजन-मापे कायद्याच्या परिशिष्टात लांबी, क्षेत्रफळ, घनफळ, वस्तुमान आणि वीज यांची एकके येतात. बिट आणि बाइट यांना तेथे स्थान नाही आणि बिट हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेही एकक नाही. त्यामुळे एक लिटर दुधाला जे वैधानिक संरक्षण आहे, ते एका गिगाबाइटला व्यापारी माप म्हणून मिळालेले नाही.

दुसरा मुद्दा विशेषणांचा आहे. 'सुपरफास्ट' म्हणजे ब्रिटिश सरकारच्या योजनेत सेकंदाला २४ मेगाबिट, तर ऑफकॉम आणि स्कॉटलंड सरकार यांच्या लेखी ३० मेगाबिट. 'अल्ट्राफास्ट' सरकारसाठी १०० आणि ऑफकॉमसाठी ३०० मेगाबिट. भारतात 'ब्रॉडबँड' या संज्ञेची किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ किलोबिट होती आणि २०२३ मध्ये ती २ मेगाबिट झाली. आकड्यांचे रूपांतर करता येते, विशेषणांचे करता येत नाही. म्हणून दोन देशांच्या किंवा दोन काळांच्या अहवालांची तुलना करताना प्रत्येक वेळी मूळ व्याख्येकडे जावे लागते.

तिसरा मुद्दा लेखनाचा आहे. रोमन लिपीत बिटसाठी लहान आणि बाइटसाठी मोठे अक्षर वापरून भेद करता येतो, तरीही बिट हा शब्द पूर्ण लिहावा की एका अक्षराने दाखवावा यावर मानकसंस्थांमध्ये एकवाक्यता नाही. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने 'एमबीपीएस' या संक्षेपावरून मेगाबिट की मेगाबाइट हे कळण्याचा मार्ग उरत नाही, आणि मराठी वृत्तपत्रांतून होणाऱ्या आठपट चुकांना तेथे पूर्ण वाव राहतो.

चौथा मुद्दा मोजणीच्या जागेचा आहे. घरापर्यंत येणारा वेग आणि घरातील वायफायवरून हातातल्या यंत्रापर्यंत पोहोचणारा वेग यांत मोठे अंतर पडू शकते. कंपनीची जबाबदारी कोठे संपते आणि ग्राहकाची कोठे सुरू होते, याची सर्वमान्य रेषा आकड्याच्या स्वरूपात अद्याप आखली गेलेली नाही.

निष्कर्ष

एकंदर आढाव्यावरून असे म्हणता येते की एककांच्या रूपांतराचा अंकगणिती भाग निकालात निघाला आहे : बिट आणि बाइट यांत आठचा गुणक आहे, दूरसंचारात किलो म्हणजे हजार आहे, आणि बॉडचे रूपांतर संकेतपद्धती माहीत असल्यासच करता येते. उपसर्गांचा प्रश्न मानकांनी सोडवला असला, तरी तो वापराने सोडवलेला नाही. मोजणीच्या जागेचा आणि वेळेचा प्रश्न ब्रिटिश नियामकांनी काही अंशी हाताळला असून गर्दीच्या वेळी निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेग आणि किमान हमीचा वेग ही त्या प्रयत्नाची ठोस फलिते आहेत. वेगाचा कोणताही आकडा वाचताना तो बिटांत आहे की बाइटांत, दशमानात आहे की द्विमानात, आणि कोणत्या ठिकाणी व कोणत्या वेळी मोजलेला आहे, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय त्याचे रूपांतर करू नये. मराठीत लिहिणाऱ्यांनी तर संक्षेप टाळून 'मेगाबिट प्रति सेकंद' आणि 'मेगाबाइट प्रति सेकंद' असे पूर्ण शब्दच वापरावेत.